अप्पांचं ‘हूं’

आमच्या घरात परवानगी मागायची एक वेळ ठरलेली होती, आणि ती घड्याळात नव्हे, अप्पांच्या गालात होती. अप्पा म्हणजे माझे वडील. जेवण झालं की पुढच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर ते मांडी घालून बसत आणि खिशातून पितळेची डबी काढत. डबीच्या एका तोंडाला तंबाखू, दुसऱ्या तोंडाला चुना. दोन्ही तळहातावर घेऊन ते अंगठ्यानं मळायला लागत. मळणं निवांत चाले. मग चट्, चट्, चट् अशा टाळ्या पडत, भुकटी उडे, आतल्या खोलीत माझी आत्या शिंके, आणि ती चिमूट अप्पांच्या खालच्या ओठाआड जाऊन बसे. तिथून पुढं अप्पांचं बोलणं बंद. काहीही विचारा, उत्तर एकच : ‘हूं.’ त्या हूंला ना शेंडा ना बुडखा. ‘ऐकलं’, ‘पुढं बोल’, ‘डोकं खाऊ नको’ असं काहीही त्यात असू शकलं असतं. आम्ही मात्र त्याचा अर्थ एकच लावायचो : हो.

हा शोध आईचा. बहुधा लग्नानंतर लगेचच तिला तो लागला असावा, कारण मला कळायला लागलं तेव्हा तिचा हात चांगला बसलेला होता. टाळ्यांचा आवाज आला की ती पदराला हात पुसत बाहेर येई, दाराच्या चौकटीला टेकून उभी राही आणि भाजीबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणे, “अवो, औशाला जाऊन येते चार दिवस. वैनीला बरं न्हाई.” हूं. औसा म्हणजे तिचं माहेर. असं करत घरात टीव्ही आला, मला सायकल आली, मैत्रिणींबरोबर सिद्धेश्वराच्या जत्रेला जाता आलं, दहावीनंतर गणित घेता आलं. लातूरच्या आमच्या गल्लीत ‘मोकळ्या विचाराचं घर’ म्हणून आमचं नाव होतं. बायका आईला म्हणायच्या, “तुमचे मालक लई देवमाणूस.” आई मान खाली घालून हसायची. देवाला आपण जे विचारतो त्याचं उत्तरही आपणच लावून घेतो, त्या अर्थानं अप्पा देवमाणूसच होते.

रिकाम्या तोंडाचे अप्पा हे मात्र वेगळंच प्रकरण. बाजारातल्या गोलाईजवळ आमचं दोरखंडाचं दुकान होतं. दावी, कासरे, वेसणी, सुतळी, शिंकाळी असा माल. गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं म्हणून दुकानात ते तंबाखू खात नसत, आणि मोकळ्या तोंडातून पडणारा त्यांचा पहिला शब्द असायचा ‘न्हाई’. ‘भाव कमी होतो का?’ न्हाई. ‘दुसऱ्या रंगात हाय का?’ न्हाई. ‘पोरीला घेऊन आलाव जनू दुकानात?’ न्हाई. मी समोर उभी असताना! दिवसभर न्हाई म्हणून दमलेला हा माणूस रात्रीच्या भाकरीनंतर ओठाआड चिमूट ठेवून हूं म्हणत बसला, की आम्हाला वाटायचं, खरे अप्पा हेच.

(मध्येच सांगते. आज मी नांदेडला राहते, पन्नाशी दारात आहे, आणि परवा माझी मुलगी बॅग भरत होती. “कुठं?” म्हटलं. “हंपी. तूच हो म्हणालीस की. तू फोन बघत होतीस तेव्हा विचारलं होतं.” मी काय म्हणाले होते ते मला आठवेना. काय म्हणाले असेन ते मात्र लगेच कळलं.)

आता आत्याबद्दल. तिला सगळी दुनिया अक्का म्हणायची. अप्पांची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं. तिचे मालक तोंडाच्या दुखण्यानं गेले, तेही तंबाखूनंच. शेवटी शेवटी त्यांना पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. अक्का त्यावर फारसं बोलत नसे. अप्पांच्या टाळ्या सुरू झाल्या की ती शिंकायची, आणि ती शिंक भुकटीची आहे की आणखी कशाची, हे लहानपणी मला कधी कळलं नाही. स्वतः अक्का सकाळी न्हाणीत बसून मिसरी लावायची. बोट काळं, दात काळे. पण मिसरी म्हणजे व्यसन नव्हे, असं तिचं ठाम मत होतं. “ते दातासाटी असतंय,” म्हणायची. दात तेव्हा तिला चारच उरले होते.

मी बारावीची परीक्षा देऊन बसले होते त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एक स्वामीजी आले. सीमेपलीकडच्या एका मठाचे, मराठी बोलताना मध्येच कानडीत जाणारे, अंगानं बारीक. आमचे घरोघरचे लोक शिवाचे भक्त, तेव्हा स्वामी येणं नवं नव्हतं. नवी होती ती त्यांची भिक्षा. त्यांना पीठ नको, पैसा नको. भगवी झोळी पुढं धरून ते म्हणायचे, “तुमचं व्यसन वाढा, अव्वा. माझी झोळी मोठी आहे.” बापरे, काय गडबड उडाली! दोन दिवस आधीपासून गल्लीत चर्चा, कोण काय टाकणार. समोरच्या काकांनी बिडीचं बंडल टाकायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं पत्त्यांचा कॅट. एका बाईंनी चहा सोडला, आणि संध्याकाळी ‘काळा चहा त्यात धरत न्हाईत’ असा निकाल स्वतःच देऊन टाकला. मला तर रडूच यायचं बाकी होतं, कारण माझ्याकडं टाकण्यासारखं एकही व्यसन नव्हतं. इतकी वर्षं शिकून मी केलं तरी काय, असं वाटलं.

अप्पांची तयारी पक्की होती. ते दुपारची झोप टाकणार होते. दुकान असल्यामुळं दुपारी ते कधीच झोपत नसत, त्यामुळं हे त्यांना जमण्यासारखं होतं.

स्वामीजी आमच्या दारात आले ते नेमके अप्पांचं जेवण झाल्यावर. आईनं घाईघाईनं पाणी आणलं, अप्पांनी विभूती लावली, शर्टाची बटणं लावली, नमस्कार केला. तोंडात चिमूट तशीच. झोळी पुढं आली. अप्पा ‘झोप’ म्हणायला तोंड उघडणार, पण उघडणार कसं? म्हणून त्यांनी थुंकायला बाहेर जाण्यासाठी एक पाय उचलला, आणि तेवढ्यात आतून अक्का आली. खाटेवरची पितळी डबी तिनं उचलली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि झोळीत सोडली. आतल्या कुणाच्या तरी अडकित्त्यावर ती आपटली, ठण्ण असा आवाज झाला.

“माज्या भावाची भिक्षा हाय, स्वामी,” अक्का म्हणाली. “मालक गेले माजे. ह्यो एक उरलाय.”

स्वामीजींनी अप्पांकडं पाहिलं. “काय अप्पा, मनापासून ना?”

सगळी गल्ली दारात. बायका, पोरं, शिंपी, बिडीचे काका. अप्पांचे डोळे मोठे झाले, एक पाय अजून उंबऱ्यावर. आणि बोलता येत नाही म्हणून त्यांच्या नाकातून आलं ते नेहमीचंच :

“हूं.”

“शिव शिव,” स्वामीजी म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

मी आईकडं पाहिलं. आई भिंतीकडं पाहत होती. आपलं हत्यार कुणी दुसऱ्यानंच वापरून टाकावं तसा तिचा चेहरा झाला होता.

त्या दिवशी अप्पांनी ती शेवटची चिमूट थुंकलीच नाही. दुकानात गेले नाहीत, पाणी प्यायले नाहीत, संध्याकाळचा चहा घेतला नाही. आई धपाटे घेऊन दोनदा आली. त्यांनी हातानंच परत पाठवलं. चव कधीच गेली असणार, नुसता चोथा उरला असणार. पण तो थुंकला की संपलं, हे त्यांना माहीत होतं. शेवटी अंधार पडायच्या सुमारास ते मागच्या दारी गेले. खूप वेळानं चूळ भरल्याचा आवाज आला. परत येऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, “वाढा.” बस, एवढंच.

आणि मग अप्पा बोलायला लागले. आजवर जेवणानंतर ओठाआड अडवून ठेवलेलं सगळं जणू वाट मिळाल्यासारखं बाहेर आलं. चुरमुऱ्याच्या सुशीलेत शेंगदाणे जास्त झालेत. टीव्ही कुणाला विचारून आणला? शैला, म्हणजे मी, सायकलवर एवढी ताठ का बसते? औशाला चार दिवस कशाला लागतात, औसा काय काशी हाय का? आईनं एकदा म्हटलं, “तुम्हीच तर हो म्हणला होता की.” अप्पा म्हणाले, “मी? कवा?” घरात आता टाळ्या वाजत नव्हत्या, अक्का शिंकत नव्हती. खिशात लवंगा आल्या, बडीशेप आली, आणि एक नवं वाक्य आलं : “मी आता मोकळा माणूस हाय.” गल्लीत लोक त्यांना नमस्कार करायचे. ते मोकळे झाले होते यात शंका नव्हती. घट्ट झालो होतो ते आम्ही. बाहेर जायला वेळ, यायला वेळ, खिडकीत उभं राहायला कारण. एका माणसाचं व्यसन सुटतं आणि तिघींच्या गळ्यात दावं पडतं, हे गणित मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

त्यातच माझा नंबर लागला, विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नांदेडला. आमच्या नात्यागोत्यात मुलगी हॉस्टेलवर राहून शिकल्याचं उदाहरण नव्हतं. हजर व्हायला थोडेच दिवस होते. मी जेवणानंतर चौकटीला टेकून, आईसारखी, सहज म्हटलं. सवय दुसरं काय. अप्पा लवंग चावत होते. लवंगेनं तोंड बंद होत नाही.

“न्हाई,” ते म्हणाले. “लातुरात काय कालिजं न्हाईत का? सगळ्या जिल्ह्याची पोरं हितं शिकायला येऊ लालीत, आणि तू हितलीच उटून नांदेडला चाललीस?”

“अप्पा, पण तिथं...”

“न्हाई म्हणलो न्हवं.”

मी आत जाऊन रडले. आणि रडता रडता जे मनात आलं ते इतकं वाईट होतं की मी रडायचीच थांबले : अप्पांनी पुन्हा तंबाखू खावी. एक चिमूट. एका हूंपुरती. देवघरासमोर हात जोडून उभी राहिले आणि काय मागावं तेच कळेना. त्यांच्या तोंडाला काही होऊ नये हेही मागायचं, आणि ते तोंड भरलेलं असावं हेही. देवाचाही गोंधळ झाला असणार.

आई आणि अक्का यांची बैठक स्वयंपाकघरात बसली. “ह्यांच्या तोंडात काय घालावं आता?” आईचा रोखठोक प्रश्न. पहिल्यांदा डिंकाचे लाडू झाले, मुद्दाम पाक जास्त करून. अप्पा ते लाडू खाताखाताच लाडू कसे करावेत ते सांगत राहिले. मग चिक्की झाली. तिनं त्यांचा एक दात हलला, बोलणं नाही. अक्का चुलीपाशी बसली होती. ती एकदम म्हणाली, “म्याच केलं गं हे. भाऊ वाचवाया गेले आन् पोरीचा रस्ता मोडला.” आई म्हणाली, “तुमी कशाला मनाला लावून घ्यायलाव, अक्का.” पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भाकरी-आमटी झाल्यावर, आई ताटली घेऊन बाहेर आली. ताटलीत बडीशेप नव्हती. तंबाखूची पुडी होती आणि चुन्याची नळी. तिनं ती खाटेवर अप्पांसमोर ठेवली. अक्का दारात येऊन उभी राहिली. तिनं पुडी पाहिली, आणि काही म्हणाली नाही. ते काही न म्हणणं मला अजून समजलेलं नाही.

अप्पा ताटलीकडं पाहत राहिले. “हे काय?”

“खावा,” आई म्हणाली.

“झोळीत टाकलंय ते.”

“तुमी कुटं टाकलंय? अक्कांनी टाकलंय. खावा.”

अप्पांनी पुडी उघडली. वास खोलीभर झाला आणि मला, खोटं कशाला बोलू, घर परत आल्यासारखं वाटलं. त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, चुना घेतला, अंगठा फिरायला लागला. मी चौकटीत. आई खाटेपाशी. चट्, चट्. अक्का शिंकली. अप्पांनी चिमूट केली, ओठापर्यंत नेली, आणि त्यांची नजर आमच्यावर पडली. आम्ही तिघी श्वास धरून, तोंडं अर्धी उघडून, चिमूट आत जायची वाट पाहत उभ्या होतो. स्टँडवर गाडी लागायची वाट पाहतात तशा.

त्यांचा हात थांबला.

“थांबा थांबा,” ते म्हणाले. “टीव्ही... ते मी जेवल्यावरच विचारलीस न्हवं?”

आईनं पदर सारखा केला.

“सायकल? जत्रा? औसा?”

अक्कानं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं.

“म्हंजे,” अप्पा सावकाश म्हणाले, “म्या आजवर या घरात एकदाबी हो म्हणलो न्हाई?”

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी ओरडायला हवं होतं, ते सोपं गेलं असतं. पण ते त्या चिमटीकडं पाहत बसले आणि दुकानात कुणी दोर फसवून नेल्यावर व्हायचा तसा चेहरा करून म्हणाले, “लोक म्हणतेत, तुमचं घर लई मोकळं. म्या बी म्हणायचो, हाव, म्याच दिलंय की मोकळं. ही बेडी सोडली तर हे कळलं, की दिलं न्हवतंच कायी. तुमी घेतलं. म्या नुसता तोंड भरून बसलो होतो.”

“विचारलं असतं तर न्हाई म्हणला असता,” आई हळूच म्हणाली.

“मग न्हाई तर न्हाई! पण माजं तरी असतं की ते!” मग माझ्याकडं वळून : “शैले. हिकडं ये. रिकाम्या तोंडाला विचार.”

मी पुढं झाले. इतक्या वर्षांत मी अप्पांना कधी काही विचारलंच नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. “अप्पा,” म्हटलं, “मी नांदेडला शिकायला जाऊ का?”

ते तळहातावरची तंबाखू पुन्हा मळायला लागले. मळली, मळली, तिचं पीठ झालं. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मग अप्पा म्हणाले, “मला भ्या वाटतंय.”

“तिला काय होतंय, हुशार हाय,” अक्का म्हणाली.

“तिचं न्हवं. माजं म्हणलो. घर रिकामं होतंय.” त्यांनी हातातली तंबाखू पुडीत परत ओतली, पुडी बांधली, खिशात ठेवली. “हाव. जा.”

आणि त्या ‘हाव’मागं अटी आल्या. दर शनिवारी फोन. महिन्याला एक फेरी. मेसमध्ये दूध. अंधार पडायच्या आत हॉस्टेल. हूंला कधी अट नव्हती, हे तेव्हाच लक्षात आलं. फसवून मिळवलेली मोकळीक कशी बिनअटीची, सैल असते. खऱ्या होकाराला सतरा गाठी. यातलं स्वातंत्र्य कुठलं म्हणायचं? तेव्हा ठरवता आलं नाही. आजही कुणी विचारलं तर मी चहा ठेवायला उठते.

मला सोडायला अप्पा आले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तोंड तर रिकामं होतं. नांदेड यायच्या आधीच विष्णुपुरीला उतरलो. धरणावरून वारा येत होता. हॉस्टेलच्या फाटकापाशी पत्र्याची पेटी खाली ठेवून अप्पांनी खिशातून ती पुडी काढली. आईनं दिलेली, तीच. म्हणजे इतके दिवस ती त्यांच्या खिशातच होती.

“झोळी उघड,” ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बोट दाखवलं. मी उघडली. पुडी त्यांनी पिशवीत टाकली.

“ती अक्कानं टाकलेली. ही म्या टाकलो.” आणि मागं न बघता रस्ता ओलांडून गेले.

तर अशा रीतीनं मी मोकळी झाले आणि वडिलांचं व्यसन पिशवीत घेऊन इंजिनिअर झाले. रेक्टरबाईंना एकदा ती पुडी सापडली. “वडिलांची आहे,” मी म्हटलं. “वडील कुठंयत?” “लातूरला. त्यांनी सोडलीय.” बाईंनी माझ्याकडं जे पाहिलं, ते मी अजून विसरले नाही. अप्पा भेटायला आले की पहिला प्रश्न अभ्यासाचा नसे. “हाय का?” ‘आहे’ म्हणायचं. “बगू.” पुडी हातात घ्यायचे, वास घ्यायचे, डोळे मिटायचे, परत द्यायचे. “ऱ्हाऊ दे.” हा माणूस सुटला होता, की माझ्या पिशवीला बांधला गेला होता? आणि मी? पुडी फेकून द्यायचा विचार अनेकदा आला. पण फेकली असती, तर ‘हाय का?’ला काय उत्तर देणार होते?

हंपीच्या प्रकरणानंतर मी मुलीला म्हटलं, इथून पुढं फोन खाली ठेवायला लावून विचारत जा. ती म्हणाली, “ठेवलास तर तू नाही म्हणतेस.” मी फोन उचलला आणि लातूरला लावला. अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. आई दुपारची झोपलेली असते. अप्पांनीच उचलला. इकडचं तिकडचं झालं, पावसाचं झालं. मग त्यांनी विचारलंच.

“हाय का गं?”

कपाटात, साड्यांच्या मागं, कागद पिवळा पडून फाटलाय, वास कधीच गेलाय. “आहे, अप्पा.”

“हूं.”

मी दचकले. इतक्या वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. “अप्पा, तोंडात काय आहे?”

“कायी न्हाई,” ते म्हणाले. “दातबी न्हाईत.”